चिंचिलाचे दुर्दैव

अँडीज पर्वताच्या रुक्ष, खडकाळ उतारांवर वसाहती करून राहणारा चिंचिला हा इवलासा कृंतक प्राणी, ज्याच्या एकेका रोमरंध्रातून अनेक केस उगवतात, तो आपल्या केसांच्या असामान्य मृदुतेपायीच नामशेष होण्याच्या कड्यावर येऊन पोहोचला. त्याच्या कातड्यांच्या एकेका झग्यासाठी शंभराहून अधिक जीव खर्ची पडत. एकट्या चिलीतून लक्षावधी कातडी परदेशी रवाना झाली. १९१० साली चिली, बोलिव्हिया, पेरू व अर्जेंटिना यांनी शिकारीस मनाईचा करारनामा केला खरा, परंतु अंमल ढिला राहिला आणि भाव मात्र चढले. १९८३ मध्ये चिलीने इयापेल शहरानजीक राखीव क्षेत्र स्थापिले. तथापि कित्येक वसाहती त्याच्या हद्दीबाहेर असून तेथे शेळ्यांची चराई, सरपणाची तोड व खाणकाम यांचा जाच आहेच. घरोघरी पाळलेले चिंचिला पाहून वन्य चिंचिला सुरक्षित आहे, असे कृपया मानू नका.