होम थिएटर मुके का होते?

प्रतिनिधी, वाशीम

दूरचित्रवाणी संचावर चित्र स्वच्छ दिसते, पात्रांचे ओठ हलतात; परंतु शेजारी मांडलेल्या सहा स्पीकरच्या होम थिएटरमधून अवाक्षर बाहेर पडत नाही. कधी पार्श्वसंगीत घर दणाणून सोडते आणि संवाद मात्र कानी पडत नाहीत. कधी शब्द आधी येतो आणि ओठ मागून हलतात. घरातील वडीलधाऱ्यांना संध्याकाळच्या बातम्या ऐकू येईनाशा झाल्या, की ‘संच बिघडला’ असा निष्कर्ष काढला जातो आणि नव्या खरेदीचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात अशा पुष्कळ तक्रारींचे मूळ दोन यंत्रांना जोडणाऱ्या वायरीत किंवा पडद्यावरील एखाद्या सेटिंगमध्ये सापडते. ते शोधण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. क्रम मात्र पाळावा लागतो.

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला, त्या काळी दूरचित्रवाणी संच म्हणजे काचेच्या नळीचा अवजड पेटारा होता. चित्र आणि आवाज त्याच पेटाऱ्यातून येत असल्याने संच सुरू असूनही आवाज ‘हरवण्याचे’ प्रसंग कमी येत. आजचा संच भिंतीवर तसबिरीसारखा टांगला जातो. त्याच्या काही बोटांच्या जाडीत मोठ्या स्पीकरला जागा नसते. आतील लहान स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. त्यामुळे वाशीम, कारंजा, रिसोडसारख्या शहरांतील घरांतही स्वतंत्र ध्वनियंत्रणेची गरज भासू लागली आणि तिच्याबरोबर वायरींचे जाळेही आले.

आवाजाचा प्रवास

बिघाड शोधण्यापूर्वी आवाज कोणत्या वाटेने येतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. गच्चीवरील छत्रीकडून किंवा केबलचालकाकडून आलेला संकेत आधी सेट-टॉप बॉक्समध्ये पोहोचतो. तेथून तो दूरचित्रवाणी संचात जातो, संचातून ॲम्प्लिफायरमध्ये आणि ॲम्प्लिफायरमधून एकेका स्पीकरपर्यंत. या साखळीतील कोणताही एक दुवा निखळला, तरी परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे शांतता. म्हणून सगळ्या वायरी एकाच वेळी उपसून पुन्हा लावण्याने काही साधत नाही. आवाज परत आला तरी दोष कोठे होता ते कळत नाही आणि पुढच्या वेळी सारा खटाटोप नव्याने करावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहावा, हा येथे मुख्य नियम होय.

पहिली कसोटी साखळीचे दोन भाग करण्याची आहे. बहुतेक मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये ‘टेस्ट टोन’ ही सोय असते. ती सुरू करताच पावसासारखा एक सरसर आवाज एकामागून एक प्रत्येक स्पीकरमधून फिरतो. तो सर्वत्र ऐकू आला, तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक आहेत. दोष त्याआधीच्या दुव्यांत शोधावा. ही सोय नसल्यास त्याच ॲम्प्लिफायरला मोबाइल फोन जोडून एखादे गाणे लावावे. गाणे वाजले, तर मिस्त्रीने यंत्र उघडण्याची गरज नाही, एवढे निश्चित होते. ॲम्प्लिफायरवर योग्य ‘इनपुट’ निवडले आहे का, तेही याच वेळी पाहावे. रिमोटचे एक बटण चुकून दाबले गेल्याने यंत्रणा दुसऱ्याच वाटेकडे कान लावून बसलेली असते.

एचडीएमआयचा एकच दरवाजा

अलीकडच्या संचांत आवाज बाहेर नेण्याचे काम बहुधा एचडीएमआय वायर करते. ही पद्धत २००२ मध्ये आली, तेव्हा संकेत यंत्राकडून संचाकडे एकाच दिशेने जात असे. संचातील आवाज त्याच वायरीतून उलट दिशेने ॲम्प्लिफायरकडे पाठविणारी ‘एआरसी’ ही सोय २००९ मधील १.४ आवृत्तीत आली आणि तिचे सुधारित रूप ‘ईएआरसी’ २०१७ मधील २.१ आवृत्तीत. संचाच्या मागे एचडीएमआयची तीन-चार छिद्रे असली, तरी ही सोय सहसा त्यांपैकी एकाच छिद्रात असते आणि त्यावर ‘एआरसी’ असे छापलेले असते. वायर शेजारच्या छिद्रात गेली, तर संचाकडून आवाज बाहेर येत नाही.

वायर योग्य जागी असूनही शांतता असेल, तर संचाच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ ही सुविधा सुरू करावी. कंपन्यांनी तिला निरनिराळी नावे दिल्याने गोंधळ होतो. सॅमसंगच्या संचांत ती एनीनेट प्लस, सोनीच्या संचांत ब्राव्हिया सिंक आणि एलजीच्या संचांत सिम्पलिंक या नावाने आढळते. त्यानंतर ध्वनीच्या यादीत ‘टीव्ही स्पीकर’ऐवजी बाहेरील यंत्रणा निवडावी. वीज जाऊन परत आल्यावर दोन्ही यंत्रे एकाच क्षणी सुरू होतात आणि कधी कधी परस्परांची ओळख पटवून घेण्यात अपयशी ठरतात. अशा वेळी रिमोटने बंद करणे पुरत नाही. दोन्हींच्या पिना भिंतीतून काढाव्यात, चार-पाच मिनिटे थांबावे आणि मग एकेक यंत्र सुरू करावे.

ऑप्टिकल वायर आणि ‘पीसीएम’

प्रकाशाच्या साहाय्याने आवाज वाहून नेणारी ऑप्टिकल वायर तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणली. तिची तपासणी सोपी आहे. संच सुरू असताना वायरीचे दुसरे टोक कागदासमोर धरावे; लाल ठिपका उमटला, तर संकेत येत आहे. नव्या वायरीच्या दोन्ही टोकांवर प्लॅस्टिकची बारीक टोपणे असतात. ती काढायची राहून जाणे, ही नेहमी घडणारी चूक आहे. ही वायर काटकोनात दुमडू नये. आतील तंतू तुटतो आणि बाहेरून ते दिसत नाही.

आपल्याकडील अनेक जुन्या होम थिएटरना केवळ लाल-पांढऱ्या पिनांची जोडणी असते, तर नव्या संचांतून ती नाहीशी होत आहे. त्यासाठी बाजारात मिळणारी लहानशी परिवर्तक डबी वापरली जाते. ती लावूनही आवाज येत नाही, किंवा नुसती खरखर येते, अशी तक्रार वारंवार होते. कारण सरळ आहे. संच ‘डॉल्बी डिजिटल’ या संकुचित स्वरूपात आवाज पाठवत असतो आणि साध्या डबीला केवळ ‘पीसीएम’ हे मूळ स्वरूप कळते. संचाच्या डिजिटल ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’ऐवजी ‘पीसीएम’ निवडताच आवाज सुरू होतो. पेन ड्राइव्हवरील एखादाच चित्रपट मुका असेल, तर त्यातील आवाज बहुधा ‘डीटीएस’ पद्धतीचा असतो आणि तो उलगडण्याची सोय सर्व संचांत नसते. इतर वाहिन्यांचा आवाज येत असल्यास यंत्राला दोष देऊ नये.

संवाद हरवतात तेव्हा

‘५.१’ या आकड्याचा अर्थ पाच स्पीकर आणि एक वूफर. समोर डावा, उजवा आणि मधला, तर मागे दोन. चित्रपटातील संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरकडे सोपविलेले असतात. म्हणून संगीत, पाऊस, गर्दीचा कोलाहल ऐकू येतो आणि माणसे मुकी वाटतात, तेव्हा प्रथम मधल्या स्पीकरची वायर पाहावी. घरात उंदरांचा उपद्रव असेल, तर पडद्यामागून नेलेली वायर मध्येच कुरतडलेली सापडू शकते. मधला स्पीकर बसवलेलाच नसेल, तर ॲम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये ‘सेंटर’ बंद करावा. मग संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटले जातात.

संचाच्या हेडफोनच्या छिद्रातून आवाज घेतला असेल, तर असाच परिणाम वेगळ्या कारणाने होतो. पीन अर्धवट बसली आणि तिचा जमिनीचा संपर्क तुटला, की डाव्या व उजव्या बाजूंत सारखा असलेला आवाज परस्परांना खोडून टाकतो. संवाद दोन्ही बाजूंत सारखे असल्याने तेच नाहीसे होतात. पीन नीट दाबून बसविणे, एवढाच त्यावर उपाय.

मागचे स्पीकर बातम्यांच्या वेळी शांत असतात, याला मात्र बिघाड समजू नये. त्या कार्यक्रमाचा आवाज मुळात दोनच मार्गांचा असेल, तर मागे पाठविण्यासारखे काही नसते. एखादा स्पीकर खरोखर निकामी आहे का, हे पाहायचे असल्यास यंत्रणा बंद करून डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरींची ॲम्प्लिफायरकडील अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या बाजूला सरकला, तर स्पीकर व त्याची वायर चांगली असून खोट त्याआधी आहे. जागेवरच राहिला, तर स्पीकर किंवा त्याची वायर संशयित ठरते.

ओठ आणि शब्दांची फारकत

चित्र सुबक करण्यासाठी संच त्यावर बरीच प्रक्रिया करतो. त्यात क्षणाचा काही अंश जातो आणि सरळ ॲम्प्लिफायरकडे गेलेला आवाज चित्राच्या पुढे धावतो. दूरच्या शेतात कुऱ्हाडीचा घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, याची माणसाला सवय आहे. उलटा क्रम मात्र लवकर खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ मधील शिफारशीत हा फरक आकड्यांत दिला आहे. आवाज सुमारे ४५ सहस्रांश सेकंद आधी आला तरी लक्षात येतो. मागे पडल्यास तो सुमारे १२५ सहस्रांश सेकंदांपर्यंत खपून जातो. ॲम्प्लिफायरमधील ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ थोडे थोडे वाढवीत नेल्यास मेळ बसतो. ब्लूटूथने जोडलेल्या स्पीकरमध्ये आवाज मागे पडतो. तेथे वायर वापरणे हाच खात्रीचा मार्ग.

गुणगुण, अर्थिंग आणि काळी माती

सतत ऐकू येणारी गुणगुण ही तक्रार वेगळ्या जातीची असून तिच्याशी जिवाचा प्रश्न निगडित आहे. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करतो आणि तीच कंपने स्पीकरमधून घुमू लागतात. संच, ॲम्प्लिफायर आणि केबलचालकाची वायर यांना जमिनीशी जोडणारे मार्ग वेगवेगळे असले, तर त्यांतून नको असलेला प्रवाह फिरतो. पारख करण्यासाठी सेट-टॉप बॉक्समधून छत्रीची किंवा केबलची वायर क्षणभर काढावी. गुणगुण थांबली, तर वाट सापडली. सर्व यंत्रे एकाच बोर्डवर घेणे किंवा संच व ॲम्प्लिफायर ऑप्टिकल वायरीने जोडणे उपयोगी पडते. त्या वायरीतून प्रकाश जातो, वीज जात नाही.

गुणगुण घालविण्यासाठी तीन पिनांपैकी मोठी पीन तोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो कदापि मानू नये. ही पीन अर्थिंगची असून यंत्राच्या धातूच्या आवरणात वीज उतरली, तर तीच माणसाला वाचवते. वाशीम परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जमीन कोरडी पडली, की अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध वाढतो. म्हणून फेब्रुवारीपासून खड्ड्यात नियमित पाणी घालावे. ॲम्प्लिफायरला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर यंत्र त्वरित बंद करून परवानाधारक वीजतंत्रीकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

वीज खंडित असताना इन्व्हर्टरवरच घरघर येत असेल, तर इन्व्हर्टरचा प्रकार पाहावा. भारनियमनाच्या काळात घेतलेले अनेक जुने इन्व्हर्टर ‘स्क्वेअर वेव्ह’ प्रकारचे आहेत. त्यांच्या खडबडीत प्रवाहाची घरघर ॲम्प्लिफायरमध्ये उमटते. ‘साइन वेव्ह’ प्रकारात हा त्रास सहसा होत नाही. मान्सूनपूर्व वादळात विजा कडाडू लागण्याआधीच मुख्य पीन आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवाव्यात. नुसते बटण बंद केल्याने छत्रीकडून येणारा धक्का थांबत नाही.

दुरुस्तीस नेण्यापूर्वी

एवढे करूनही आवाज परत आला नाही, तर केलेल्या कसोट्या कागदावर लिहून तंत्रज्ञाला द्याव्यात. ‘फोन जोडल्यावर वाजते, संचावरून वाजत नाही’ या एका वाक्याने त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि न लागणारा भाग बदलला जाण्याची शक्यता कमी होते. वॉरंटीच्या काळात यंत्र बाहेर उघडू नये आणि पावती जपून ठेवावी. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगापुढेही दाद मागण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे यंत्र अकोल्याहून आणलेले असो वा इंटरनेटवरून मागविलेले, तक्रारीसाठी विक्रेत्याच्या गावी जाण्याची गरज नाही.

नवा संच घेण्याचा निर्णय यानंतरही घेता येईल. त्याआधी अर्धा तास काढून छत्रीपासून स्पीकरपर्यंतची वाट एकदा पायरी-पायरीने तपासली, तर काही हजारांचा खर्च वाचण्याची आणि घरातील ज्येष्ठांना त्याच संध्याकाळी बातम्या पुन्हा ऐकू येण्याची शक्यता मोठी आहे.