केदारनाथला निघण्याआधी : उंचीवरची हवा शरीराला काय करते?

मे महिन्यात सिंदी मेघेत पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा चारधामला निघालेली मंडळी दवाखान्यात येतात. तापाच्या, जुलाबाच्या गोळ्या मागतात. उंचीबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते.

वर्धा समुद्रसपाटीपासून 300 मीटरहूनही कमी उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचे. तिथे धुके, वारा, निसरडी वाट यांचा त्रास होईल, पण विरळ हवेचा सहसा होत नाही. तो साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो. केदारनाथ जवळपास 3,580 मीटरवर आहे.

उंचावर हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते असे आपण म्हणतो, ते पूर्ण बरोबर नाही. प्रमाण 21 टक्केच राहते, कमी होतो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन केदारनाथला इथल्या सुमारे दोन तृतीयांश, तर 8,848 मीटरच्या एव्हरेस्टवर एक तृतीयांशच असतो. तापमानही दर हजार मीटरला साधारण 6 अंशांनी उतरते.

2018 च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. मे महिनाच का? हिवाळ्यात त्या शिखरावर वेगवान वाऱ्यांचा पट्टा आदळत असतो. पावसाळ्याआधी तो उत्तरेकडे सरकतो आणि थोडे दिवस वाट मोकळी होते. पण अशा मोहिमेत शरीराला सवय लागावी म्हणून कित्येक आठवडे वर-खाली करतात. आपले यात्रेकरू मात्र गौरीकुंडहून एका दिवसात 1,600 मीटर चढतात, हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत.

पोहोचल्यावर काही तासांत डोके दुखणे, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. घरचे म्हणतात, "पित्त झालं असेल." उंचीवर डोके दुखले तर आधी उंचीचाच त्रास समजा. आणखी वर जाऊ नका, विश्रांती घ्या. दारू आणि झोपेची गोळी टाळा. बसल्या जागी दम लागला, खोकल्यातून फेस आला, तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. ऑक्सिजन द्या आणि लगेच खाली आणा. खाली उतरणे हाच खरा उपचार आहे.

कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर सोबत नेत असाल तर एक सांगतो: तिथे निरोगी माणसाचे रीडिंगही 90 च्या खाली येऊ शकते. आकड्याइतकेच लक्षणांकडे बघा.

आपल्या विदर्भात सिकलसेल बरेच आढळते, म्हणून हे जास्त महत्त्वाचे. सिकलसेलच्या रुग्णाला कमी ऑक्सिजनमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. नुसत्या वाहकालाही कधीकधी प्लीहेला इजा होते, डाव्या बरगडीखाली जोरात दुखते. घरात कोणाला सिकलसेल असेल तर तुमची तपासणी निघण्याआधी करून घ्या. हृदयविकार, दमा, गरोदरपण असेल तरी आधी भेटा. बीपी-शुगरच्या गोळ्या प्रवासात थांबवू नका.

अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी त्रास टाळायला मदत करते. ती चढाईच्या आदल्या दिवशी सुरू करतात, पण सल्फाची अॅलर्जी किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी ती स्वतःहून घेऊ नये. जमल्यास वाटेत गुप्तकाशी किंवा सोनप्रयागला एखादी रात्र जास्त थांबा.