पल्लडमची कोंबडी, चेन्नईचा बाजार

२०२० च्या मार्च महिन्यात बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यात एका पोल्ट्रीवाल्याने सुमारे सहा हजार जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्या. पक्षी धडधाकट होते, पण त्यांना गिऱ्हाईक नव्हते. त्याच दिवसांत तमिळनाडूच्या पल्लडम आणि नामक्कल पट्ट्यातही तयार माल शेडमध्ये अडकून पडला होता आणि चेन्नईहून येणारी मागणी रोज घटत होती. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सर्वांत जास्त कोंबड्या तमिळनाडूत आहेत, बारा कोटींहून अधिक. महाराष्ट्रातला आकडा साडेसात कोटींच्या घरात जातो. मांसाचा भाव पडतो तेव्हा पाळणाऱ्याचे काय होते, हे समजून घ्यायचे तर चेन्नईची ही साखळी मुळापासून पाहावी लागते.

कोंबडी शहरात येते कशी

पल्लडम हे तिरुप्पूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कोइम्बतूर, तिरुप्पूर, ईरोड या भागात १९९० च्या सुमारास करार पद्धतीची कोंबडीपालन व्यवस्था रुजली, त्यात सुगुणा कंपनीचा वाटा मोठा होता. कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य, औषधे आणि डॉक्टर पुरवते. शेतकरी शेड, पाणी, वीज, मजुरी आणि खालची गादी पुरवतो. आपल्याकडे गादीला भाताचे तूस पसरतात, तिकडे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या आसपास गेला की कंपनीची गाडी येते, क्रेटमध्ये भरून माल उचलते आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेला पालनखर्च मिळतो. जे शेतकरी करारात नाहीत ते स्वतःच्या पैशाने पिल्ले आणि खाद्य घेतात आणि व्यापाऱ्याला विकतात.

जिवंत पक्ष्याचा शेडवरचा भाव पल्लडमची ब्रॉयलर समन्वय समिती रोज जाहीर करते. चेन्नईतल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा दुकानदार तो भाव पाहून आपला दर ठरवतो. अंतर चारशे किलोमीटरहून जास्त, म्हणून गाड्या रात्री धावतात. दिवसाच्या उन्हात क्रेटमधले पक्षी दगावतात, जे जगतात त्यांचेही वजन घटते. शेजारच्या आंध्रातूनही माल येतो. बहुतेक कोंबडी दुकानात जिवंत पोहोचते आणि गिऱ्हाइकासमोर कापली जाते. साखळीतला सगळ्यांत कच्चा दुवा हाच आहे, त्याकडे पुढे येऊ.

मागणीचे चढउतार या धंद्याला नवे नाहीत. आपल्याकडे श्रावण पाळतात तसा तमिळ घरांत पुरट्टासी महिना पाळतात, साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्या महिन्यात चेन्नईत मांसाचा खप दरवर्षी उतरतो. पण हे आधीपासून माहीत असते, त्यामुळे पिल्ले टाकतानाच हात आखडता घेता येतो. २०२० मध्ये जे झाले त्याला असा कुठलाही पंचांगाचा आधार नव्हता.

भाव का कोसळला

३० जानेवारी २०२० ला देशातला पहिला कोरोना रुग्ण केरळात सापडला. फेब्रुवारीत व्हॉट्सअॅपवर एकच मजकूर फिरू लागला, की कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नव्हता. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसे सांगितले. हैदराबादेत तर तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर उभे राहून कोंबडी खाऊन दाखवली. तरी दुकानातली गर्दी परत आली नाही. मार्चच्या सुरुवातीला केरळात कोळिकोड भागात बर्ड फ्लू आढळला आणि लोकांच्या मनात दोन्ही रोगांची गल्लत झाली. बर्ड फ्लूचा विषाणूदेखील ७० अंश सेल्सिअसला नीट शिजवलेल्या मांसात टिकत नाही, पण भीतीने पछाडलेल्या गिऱ्हाइकाला तापमान सांगून उपयोग नसतो.

मग २५ मार्चला टाळेबंदी आली. मांसाची दुकाने आणि पशुखाद्य यांना कागदावर सूट होती. प्रत्यक्षात मजूर गावी गेले, चालकांना जिल्ह्याच्या हद्दीवर अडवले जाऊ लागले आणि मका-सोयापेंडीच्या गाड्या उशिरा येऊ लागल्या. चेन्नईची बिर्याणीची दुकाने, खाणावळी आणि लग्नाची सभागृहे बंद पडली. जुलैत तमिळनाडूत प्रत्येक रविवारी कडक टाळेबंदी होती, आणि चेन्नईत आठवड्याचे मटण-चिकन घ्यायचा दिवस रविवारच.

न थांबणारा माल

कांदा चाळीत ठेवता येतो, कापूस घरात साठवता येतो. ब्रॉयलरला मात्र थांब म्हणता येत नाही.

पाच हजार पक्ष्यांची एक शेड धरा. पक्षी सहा आठवड्यांचा झाला की दिवसाला साधारण दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम खाद्य खातो. म्हणजे त्या शेडला रोज आठशे किलोच्या आसपास, पन्नास किलोच्या सोळा पोती. तेव्हा किलोला तीस-पस्तीस रुपये धरले, तरी रोजचा खर्च पंचवीस हजारांवर जातो. गाडी चार दिवस आली नाही की लाख रुपये पोटात जातात. शिवाय वजन वाढलेला पक्षी उन्हात जास्त दगावतो, आणि अडीच-तीन किलोची कोंबडी किरकोळ दुकानदार कमी भावात मागतो. एप्रिलमध्ये तिकडे पारा चढलेला असतो. शेडवर पाणी शिंपडत आणि पडदे वरखाली करत माणसे रात्र काढतात.

आता भाव पाहा. एक किलो जिवंत कोंबडी तयार करायला त्या वेळी ७५ ते ८० रुपये लागत होते. त्यातला दोन तृतीयांश खर्च एकट्या खाद्याचा. मार्चमध्ये शेडवरचा भाव अनेक ठिकाणी वीस रुपयांच्याही खाली गेला. पाच हजार पक्षी म्हणजे दहा हजार किलो. किलोमागे पंचावन्न रुपये तोटा धरला तर एका बॅचमागे साडेपाच लाख. एवढा तोटा भरून काढायला स्वतःच्या भांडवलावर धंदा करणाऱ्याला पुढच्या कित्येक चांगल्या बॅच लागतात. गोकाकातला तो खड्डा या हिशेबातून खणला गेला: आणखी आठवडाभर खाऊ घालण्यापेक्षा आज संपवणे स्वस्त पडत होते.

नामक्कलची अंडी

अंड्याचे दुखणे थोडे वेगळे. नामक्कल भागात रोज काही कोटी अंडी निघतात. मोठा वाटा चेन्नई आणि केरळला जातो, काही आखाती देशांत, काही शाळांच्या पोषण आहारात. अंडी देणारी कोंबडी दीड वर्ष पोसायची असते, ती महिनाभरासाठी बंद ठेवता येत नाही. शाळा बंद झाल्या आणि मार्चमध्ये शेतावरचा दर दोन रुपयांच्या आसपास आला. अंड्याचा रोजचा दर सुचवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली, पुण्याची वेंकटेश्वरा हॅचरीज त्यांचीच. अंड्याला निदान असा संघटित आवाज होता, म्हणून तिथला भाव लवकर सावरला असे मला वाटते.

दोन महिन्यांनी उलटा फटका

घाबरलेल्या हॅचरींनी उबवणीची अंडी टाकून दिली, शेतकऱ्यांनी पिल्ले घेणे थांबवले. अंडे उबायला २१ दिवस आणि पक्षी तयार व्हायला सुमारे चाळीस, म्हणजे आज केलेल्या कपातीचा परिणाम दोन महिन्यांनी बाजारात दिसतो. झालेही तसेच. मेमध्ये मागणी परतली तेव्हा माल नव्हता आणि चेन्नईत चिकनचा किरकोळ भाव दोनशेच्या वर गेला. शहरातल्या गिऱ्हाइकाला वाटले, कोंबडीवाले लुटतात. पण ज्यांची शेड रिकामी होती त्यांना त्या भावाचा एक रुपयाही मिळाला नाही. वर्षभरात खाद्यही महागले. २०२१ मध्ये सोयाबीन इतके चढले की ऑगस्टमध्ये केंद्राला बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली.

तोटा कोणाच्या अंगावर

बर्ड फ्लूमुळे सरकारने पक्षी मारले तर ठरावीक दराने भरपाई मिळते. अफवेने भाव पडला तर ती मिळत नाही. मला हा भेद अन्यायाचा वाटतो, कारण दोन्ही वेळा पाळणाऱ्याचा दोष शून्य असतो.

करारातल्या शेतकऱ्याचा भावाशी थेट संबंध नसतो, म्हणून तो सुरक्षित आहे असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कंपनीने वेळेवर माल उचलला नाही तर वीज, पाणी आणि मजुरीचा खर्च त्याचा. जास्त दिवस ठेवल्याने मरतूक वाढली आणि खाद्याचे प्रमाण बिघडले तर कपात त्याच्या पालनखर्चातून. पुढची बॅच दोन महिने आली नाही तर शेडच्या कर्जाचा हप्ता त्याचा. किलोमागे सहा-सात रुपयांवर चालणाऱ्या माणसाला यातले काहीच परवडत नाही.

काय बदलता येईल

तमिळनाडूने २०१९ मध्ये करार शेतीचा स्वतंत्र कायदा केला. त्यात पिकांबरोबर पशुधनही आहे आणि करार लेखी करून नोंदवण्याची तरतूद आहे. जून २०२० मध्ये केंद्राने पशुसंवर्धनातील पायाभूत सुविधांसाठी पंधरा हजार कोटींचा निधी मंजूर केला. त्यातून मांस प्रक्रिया आणि खाद्य कारखान्यांना व्याजात सवलत मिळते.

माझ्या मते खरी गरज तालुक्याच्या पातळीवरच्या प्रक्रिया केंद्राची आणि शीतगृहाची आहे. पक्षी वेळेवर कापून गोठवता आला तर रोजची सोळा पोती वाचतात आणि भाव सुधारेपर्यंत माल थांबू शकतो. अडचण गिऱ्हाइकाच्या सवयीत आहे. समोर कापलेले तेवढेच ताजे, असे चेन्नईही मानते आणि पुणेही. ही सवय सुटत नाही तोवर जिवंत पक्ष्याची साखळी एका गाडीवर, एका अफवेवर अडून राहणार.

आपल्या शेडसाठी

हे सगळे लांबचे नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला आणि त्याचा फटका थेट नामक्कलपर्यंत बसला, आखाती देशांनी भारतीय अंडी बंद केली. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात तसेच संकट आले. रायगडपासून सांगलीपर्यंत करारावर शेड चालवणाऱ्यांनी पुढची पिल्ले टाकण्याआधी करारातल्या तीन गोष्टी लेखी करून घ्याव्यात: ठरलेल्या वयानंतर माल उचलायला उशीर झाला तर दिवसामागे किती पैसे मिळणार, त्या काळातली मरतूक कोणाच्या खाती जाणार, आणि दोन बॅचमध्ये जास्तीत जास्त किती दिवसांचे अंतर राहणार. कंपनी एकट्याला ऐकणार नाही, म्हणून तालुक्यातल्या पाच-पन्नास शेडवाल्यांनी मिळून हे मागावे.