श्वानाच्या छातीचें क्ष-किरण-चित्र

चार-पांच महिन्यांचें कुत्र्याचें पिल्लूं एके दिवशीं अन्नाला तोंड लावीनासें होतें. डोळे चिकटतात, नाक वाहूं लागतें, अंग तापतें. मग खोकला सुरू होतो. डिस्टेंपर या रोगाचा आरंभ पुष्कळदां असाच होतो. तो विषाणूपासून होतो, हें फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनीं १९०५ सालीं दाखविलें. अशा वेळीं पशुवैद्य छातीचें क्ष-किरण-चित्र घेतात, आणि त्यावर रोगाचें नांवच उमटेल अशी घरच्या मंडळींची अपेक्षा असते. ती मात्र पुरी होत नाहीं.

हवा क्ष-किरणांना फारशी अडवीत नाहीं. म्हणून निरोगी फुफ्फुस काळसर उमटतें. विषाणु फुफ्फुसांत उतरला म्हणजे प्रथम वायुकोशांमधल्या भिंती सुजतात. कोशांत हवा असतेच. त्यामुळें चित्रावर विरळ धुकें पसरल्यासारखें दिसतें व रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट होतात. पण असें धुकें म्हाताऱ्या कुत्र्याच्या छातींतहि दिसतें, आणि श्वास सोडतांना चित्र घेतलें तर धडधाकट कुत्र्याच्याहि! म्हणून पूर्ण श्वास आंत घेतल्याचा क्षण साधावा लागतो. धापा टाकणाऱ्या पिलाच्या बाबतींत हें काम सोपें नव्हे. शिवाय कुशीवर निजविलें कीं खालचें फुफ्फुस दबतें व त्यांतला दोष लपतो. यास्तव दोन्ही कुशींवर एकेक आणि उताणें निजवून एक, अशीं तीन चित्रें घेणें चांगलें.

चित्राचा खरा उपयोग पुढेंच आहे. विषाणूनें दुबळ्या केलेल्या फुफ्फुसांत इतर जंतु शिरतात. वायुकोश पू व द्रव यांनीं भरतात. मग फुफ्फुसाच्या पुढच्या व खालच्या भागांत दाट पांढरी छाया येते, आणि तींतून हवेनें भरलेल्या श्वासनलिका काळ्या फांद्यांसारख्या उठून दिसतात. पेनिसिलिनच्या जातीचीं औषधें विषाणूवर चालत नाहींत, या जंतूंवर चालतात. त्यामुळें हा फरक ओळखण्यावर पिलाचा जीव अवलंबून असूं शकतो. कांहीं दिवसांनीं पुन्हां चित्र घेतलें म्हणजे छाया विरते कीं पसरते, हेंहि कळतें.

विषाणु कोणता, हें मात्र छायेवरून सांगतां येत नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडांत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत घोड्यांकडून आलेला इन्फ्लुएंझा आढळला. त्याचें धुकें व डिस्टेंपरचें धुकें नुसत्या डोळ्यांनीं वेगळें काढणें अशक्य. त्यासाठीं नाकांतील स्रावच तपासावा लागतो. आरंभीं तर चित्र अगदीं स्वच्छहि निघतें. तरी खोकणारें पिल्लूं इतर कुत्र्यांपासून वेगळेंच ठेवावें लागतें. आणि डिस्टेंपरमध्यें छाती मोकळी झाल्यावरहि कांहीं आठवड्यांनीं झटके येऊं शकतात. त्यांची पूर्वसूचना या चित्रांत कोठेंहि नसते.