टेन्युअर म्हणजे काय? परदेशात शिकवणाऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी थोडेसे

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आता अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवतात. कोजागरीला दूध आटत असताना गप्पांत हा विषय निघतोच. यंदा एका काकूंनी विचारलं, “मुलगी पाच वर्षं तिकडे प्रोफेसर आहे, तरी म्हणते अजून पक्की नाही. म्हणजे हिचं काही चुकतंय का?” शेजारीच बसलेले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “आम्ही तर वर्षाच्या आत कन्फर्म झालो होतो!” काका सहज बोलून गेले, पण काकूंची काळजी दुप्पट झाली. तिचं काही चुकत नव्हतं. तिकडची रीतच वेगळी आहे. ती आपल्या सभासदांना नीट कळावी म्हणून हा लेख.

आपल्याकडची पद्धत आणि तिकडची

आपल्याकडे युजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाचं प्रोबेशन एक वर्षाचं असतं. काम समाधानकारक नसेल तर ते आणखी एक वर्ष वाढवता येतं. एकदा कायम झालं की पुढच्या बढत्या ‘कॅस’ योजनेखाली मिळतात. पीएचडी असलेल्या असिस्टंट प्रोफेसरला चार वर्षांनी पुढच्या स्तरासाठी अर्ज करता येतो. बढती लांबली तर मनाला लागतं, पगाराचं नुकसान होतं, पण नोकरी जात नाही.

अमेरिकेत ‘टेन्युअर ट्रॅक’वर लागलेल्या असिस्टंट प्रोफेसरची उमेदवारी साधारण सहा वर्षं चालते. सहाव्या वर्षी त्याच्या सगळ्या कामाची तपासणी होते. निर्णय ‘हो’ आला तर टेन्युअर, म्हणजे कायमपद, आणि बहुतेक ठिकाणी त्यासोबत असोसिएट प्रोफेसरची बढती. ‘नाही’ आला तर शेवटचं एक वर्ष मिळतं आणि मग ते विद्यापीठ सोडावं लागतं. ‘आहे त्याच पदावर राहतो’ हा मार्ग बहुधा नसतो. म्हणून पाचव्या-सहाव्या वर्षी मुलांचा आवाज फोनवर बदललेला वाटतो.

ही पद्धत आली कुठून?

१९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड रॉस नावाच्या अध्यापकाला राजीनामा द्यावा लागला, कारण त्यांची जाहीर मतं संस्थापक घराण्यातल्या जेन स्टॅनफर्ड यांना रुचली नाहीत. रॉस यांची आशियाई मजुरांविरुद्धची मतं आज आपल्याला मुळीच पटणार नाहीत. पण देणगीदाराच्या नाराजीवर अध्यापकाची नोकरी अवलंबून असावी का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. निषेध म्हणून नोकरी सोडणाऱ्यांत आर्थर लव्हजॉय हे तत्त्वज्ञ होते. पुढे १९१५ मध्ये अमेरिकी प्राध्यापकांची संघटना स्थापन झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. तत्त्वज्ञ जॉन ड्युई तिचे पहिले अध्यक्ष. या संघटनेने महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर १९४० साली एक निवेदन काढलं: उमेदवारीचा काळ सात वर्षांहून जास्त नसावा, आणि पुढे ठेवायचं नसेल तर निदान एक वर्ष आधी कळवावं. आजची सहा वर्षं आणि शेवटचं एक वर्ष हा हिशेब त्यातूनच आला.

कायमपणाची दुसरी एक कल्पना आपल्या ओळखीची आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षं सेवेचं वचन देत. गोपाळ कृष्ण गोखले त्यातलेच. तिथे वचन अध्यापक संस्थेला देत असे. टेन्युअरमध्ये संस्था अध्यापकाला वचन देते, आणि ते देण्याआधी सहा वर्षं पारखून घेते.

पारख कशी होते?

तीन गोष्टी पाहतात: संशोधन, अध्यापन आणि ‘सर्व्हिस’, म्हणजे समित्या, प्रवेश, परीक्षणं अशी संस्थेची कामं. संशोधनावर भर असलेल्या विद्यापीठात पहिल्या गोष्टीचं वजन सर्वांत जास्त. छोट्या कॉलेजांत अध्यापनाचं वजन बरंच असतं.

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बहुतेक ठिकाणी मधली तपासणी होते. तिच्यातला लेखी अभिप्राय फार महत्त्वाचा, कारण सुधारायला अजून तीन वर्षं हातात असतात. शेवटच्या तपासणीसाठी उमेदवार आपली फाइल तयार करतो: निबंध, पुस्तकं, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, आणि स्वतःच्या कामाविषयी एक निवेदन. ही फाइल बाहेरच्या विद्यापीठांतल्या तज्ज्ञांकडे जाते. आपला पीएचडीचा गाइड किंवा सहलेखक इथे सहसा चालत नाही. त्यांची पत्रं आली की विभाग मत देतो, मग विभागप्रमुख, कॉलेजची समिती, डीन, प्रोव्होस्ट आणि शेवटी विश्वस्त मंडळ अशी फाइल वर सरकते. सारं होता होता शैक्षणिक वर्ष सरतं. म्हणून “झालं का पक्कं?” असं दर रविवारी विचारण्यात अर्थ नसतो.

या पारखण्यावर तिकडेही वाद आहेत. निबंध कोणत्या नियतकालिकात आला एवढ्यावरून त्याची किंमत ठरवू नये, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात अनेक वैज्ञानिकांनी म्हटलं. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांत स्त्रिया आणि परदेशी उच्चाराचे अध्यापक यांच्यावर अन्याय होऊ शकतो, हेही बोललं जातं. म्हणून चांगले विभाग सहकाऱ्यांना वर्गात बसवून अध्यापनाविषयी वेगळं मत घेतात.

मार्गदर्शक काय करतो?

नव्या अध्यापकाला बहुतेक विभाग एक वरिष्ठ मार्गदर्शक नेमून देतात. चांगला मार्गदर्शक नुसता धीर देत नाही. तो अनुदानाचा अर्ज पाठवण्याआधी वाचतो, विभागात कशाला किंमत आहे हे स्पष्ट सांगतो, तिसऱ्या वर्षाचा गुळमुळीत अभिप्राय उलगडून दाखवतो. विज्ञान-अभियांत्रिकीत नॅशनल सायन्स फाउंडेशनचा ‘करिअर’ पुरस्कार टेन्युअर मिळण्याआधीच्या असिस्टंट प्रोफेसरांसाठी असतो आणि त्याला तीनदाच अर्ज करता येतो. पहिला अर्ज कोणत्या वर्षी करायचा, हा सल्ला जाणत्याकडूनच घ्यावा.

एक अडचण मात्र आहे. आज धीर देणारा हाच वरिष्ठ उद्या मतदानाला बसतो. त्याच्यापुढे आपली कमजोरी कशी उघड करायची? म्हणून आम्ही मुलांना सांगतो, विभागातला एक आणि विभागाबाहेरचा एक असे दोन मार्गदर्शक ठेवा.

आपण घरचे काय करू शकतो?

आपण मुलांना लहानपणापासून शिकवलं, मोठ्यांनी काम सांगितलं तर नाही म्हणू नये. तिकडे हीच सवय महागात पडते. समित्यांची कामं आनंदाने ओढवून घेणारा अध्यापक सर्वांना आवडतो, पण त्याची संशोधनाची वर्षं निघून जातात. तेव्हा “अगं, कर ना, त्यांना बरं वाटेल” हा आपला सल्ला आवरता घ्यावा.

मूल झालं तर बहुतेक विद्यापीठांत टेन्युअरचं घड्याळ एक वर्ष थांबवता येतं. ही सवलत नियमातली आहे. ती घेणं कमीपणाचं नाही, हे आजी-आजोबांनीच सांगितलं तर मुलीला बळ येतं.

व्हिसाची गोष्ट आधीच बोलून घ्यावी. एच-वन-बी ची सर्वसाधारण मुदत सहा वर्षांची, म्हणजे जवळजवळ उमेदवारीइतकीच. अध्यापकांच्या ग्रीन कार्डासाठी एक खास सोपी वाट आहे, पण तिचा अर्ज निवड झाल्यापासून अठरा महिन्यांच्या आत करावा लागतो. रुजू होतानाच विद्यापीठाला विचारलेलं बरं.

आणि निर्णय ‘नाही’ आला तर? अनेक चांगल्या अध्यापकांच्या वाट्याला तो येतो. कधी विभागाची दिशा बदललेली असते, कधी पुस्तक सहा महिने उशिरा निघतं. त्यानंतर कुणी दुसऱ्या विद्यापीठात जातात, कुणी उद्योगात, कुणी भारतात परततात. मिळालेलं शेवटचं वर्ष त्यासाठीच असतं. अमेरिकेत आज निम्म्याहून अधिक अध्यापक टेन्युअरच्या वाटेबाहेर शिकवतात आणि ब्रिटनने तर १९८८ च्या शिक्षण कायद्याने ती पद्धतच मोडीत काढली. तेव्हा टेन्युअर नाही म्हणजे विद्वत्ता नाही, असं मानू नये.

त्या दिवशी काकूंना आम्ही एवढंच सांगितलं: लेकीला निकाल विचारू नका, तिचं चालू काम काय आहे ते विचारा. पुढच्या रविवारी मायलेकी तासभर बोलल्या. विषय काकूंना अर्धाच कळला, पण लेक मोकळेपणाने बोलली, हे आम्हाला सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्या सभासदांच्या घरांत ही वाट चालून गेलेली मंडळी आहेत. सुट्टीत इकडे आलात की मंडळात एक संध्याकाळ द्या. नव्याने निघालेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना तुमचे अनुभव ऐकायला हवे आहेत.