फिफ्थ व्हील हिच: ओढ वेगळी, भार वेगळा

अमेरिकेत पिकअप ट्रकला मोठे फिरते घर जोडण्यासाठी हौद्यात फिफ्थ व्हील हिच (ट्रेलरची खीळ अडकवणारी जोडणी) बसवतात. हिचवर २०,००० पौंड लिहिले म्हणजे ट्रकही तेवढे ओढेल, असा समज सर्रास आढळतो. तो आकडा फक्त हिचचा असतो.

बैलगाडीत पोती पुढे रचली की जू बैलांच्या मानेवर दाबते. तसाच ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार हौद्यावर येतो. १२,००० पौंडांच्या ट्रेलरचे २० टक्के म्हणजे २,४०० पौंड. त्यात हिच, माणसे, सामान मिळवून बेरीज ट्रकच्या पेलोडशी (वहनक्षमतेशी) ताडून पाहावी. पेलोडचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. हौदा आखूड असल्यास, वळताना ट्रेलर केबिनला धडकू नये म्हणून मागे सरकणारी हिच घ्यावी.