वस्तऱ्याची शेवटची धार आणि बेल्जियमचा पिवळा दगड

मागच्या भागात आपण वस्तऱ्याची धार १००० नंबरच्या दगडावर बसवली आणि ८००० पर्यंत आणली. आता प्रश्न असा, की ८००० वर हातावरचे केस सहज निघतात, तर पुढे नैसर्गिक दगड कशासाठी? उत्तर गालावर मिळतं. केस कापले जाणं वेगळं आणि दाढी झाल्यावर कातडी न चुरचुरणं वेगळं. गळ्यावर, जबड्याखाली हा फरक फार जाणवतो. आज ही शेवटची पायरी बघू.

मी उदाहरण घेतोय बेल्जियमच्या कॉटिक्युलचं. आर्देन भागातल्या व्हिएलसाम गावाच्या आसपास हा फिकट पिवळा दगड सापडतो. खाणीत त्याचे थर जांभळट-निळ्या पाटीच्या दगडात अडकलेले असतात. जवळच्या साल्मशातो गावात त्याचं संग्रहालयही आहे. थर पातळ आणि दगड ठिसूळ, म्हणून बहुतेक वेळा त्याला खालून पाटीच्या दगडाचा आधार चिकटवलेला असतो.

आता यातली गंमत ऐका. या दगडात काम करतात ते गार्नेटचे, म्हणजे गोमेदाच्या जातीतल्या खनिजाचे, बारीक स्फटिक. त्यांचा आकार साधारण ५ ते १५ मायक्रॉन. आणि ८००० च्या कृत्रिम दगडातला कण असतो जेमतेम १ ते २ मायक्रॉनचा. मग मोठ्या कणाचा दगड जास्त मऊ धार कशी देतो?

कारण धारेवर परिणाम होतो तो ओरखड्याच्या खोलीचा, कणाच्या लांबी-रुंदीचा नाही. गार्नेटच्या स्फटिकाला बारा बाजू असतात, त्यामुळे तो जवळजवळ गोल दिसतो. शिवाय तो दगडात घट्ट रुतलेला असतो. वर डोकावतो तो त्याचा छोटासा भाग. म्हणून पोलादावर उथळ चर पडतात. नैसर्गिक दगडाला ग्रिटचा एक आकडा चिकटवता येत नाही, तो यामुळेच.

हाच दगड वेगाने कापायलाही लावता येतो. त्याच जातीच्या छोट्या तुकड्याने पृष्ठभाग पाण्यात घासा; दुधासारखं पाणी तयार होतं. त्यात सुटे झालेले गार्नेट पोलाद भराभर खातात. पण हेच सुटे कण समोरून येणाऱ्या धारेच्या कडेवर आदळतात आणि ती किंचित बोथट करतात. म्हणून दूध घट्ट ठेवून शेवट करता येत नाही. ते हळूहळू पातळ करत न्यायचं, हीच सगळी कला.

कृती अशी. आधी दगड सपाट आहे ना ते बघा: पेन्सिलीने रेघा मारा, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासा. सगळ्या रेघा एकसारख्या गेल्या की झालं. मग पातळ दूध करा. वस्तरा पूर्ण आडवा ठेवा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली. कोन आपण ठरवायचा नाही, तो पाठीची जाडीच ठरवते. धार पुढे ठेवून, साय काढल्यासारखा वस्तरा सरकवा. दगड पात्यापेक्षा अरुंद असतो, म्हणून जाताना तिरका ओढा, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाईल. वळवताना पाठीवरच वळवा, धारेवर कधीच नाही.

वीसेक फेऱ्या झाल्या की बोटाने दोन-चार थेंब पाणी टाका. पुन्हा फेऱ्या, पुन्हा थेंब. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच. मग दगड आणि वस्तरा धुऊन घ्या आणि नुसत्या पाण्यावर पन्नासेक फेऱ्या मारा. दाब शून्य, पात्याचं वजन पुरे. धारेपुढे पाण्याची लाट एकसारखी सरकली आणि पातं दगडाला चिकटतंय असं वाटलं, की थांबायची वेळ जवळ आली. आकडे मी अंदाजाने सांगतोय, कारण खाणीतला प्रत्येक तुकडा वेगळा. तुमच्या दगडाचा आकडा तुम्हीच वहीत लिहून ठेवा.

उत्साहात दाब वाढवला, तर कडेला पोलादाची बारीक पापडी उभी राहते. ती गालावर तुटते आणि धार खडबडीत होते. नखावर धार ओढून बघायची सवयही सोडा. तेवढ्यानेही कड बिघडते. लोंबता केस धारेवर टेकवा, किंवा हातावरच्या केसांच्या टोकांवरून, कातडीला न लावता, पातं फिरवा.

शेवटी कापडी पट्ट्यावर वीसेक आणि चामड्याच्या पट्ट्यावर पन्नासेक फेऱ्या. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. नाहीतर चामडं कापलं जाईल आणि धारही जाईल.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. असा वस्तरा एकाच माणसाचा. सलूनमध्ये आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावतात, कारण दिसतही नाही इतक्या बारीक कापातून हेपॅटायटिस बी, एचआयव्ही यांसारखे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. धार कितीही सुरेख असो, भावालाही वस्तरा उसना देऊ नका. वापरून झाला की कोरडा पुसून ठेवा. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत तर तेलाचं बोटही फिरवा.

पुढच्या भागात चामड्याच्या पट्ट्याची निगा पाहू.